मृतांचे ऋण : कोन इचिकावा यांची 'बर्मी वीणा'

युद्धाचा निषेध करू पाहणाऱ्या चित्रपटापुढे एक अडचण प्रारंभापासूनच उभी असते. ज्याचा निषेध करावयाचा ते पडद्यावर दाखविल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. आणि पडद्यावरची लढाई कितीही भीषण असली तरी पाहणाऱ्याला ती थोडीफार थरारून टाकतेच. लुईस माइलस्टोन यांच्या १९३० सालच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'सारख्या प्रामाणिक कलाकृतीतही खंदकांवर चालून येणाऱ्या सैनिकांकडे आपण श्वास रोखून पाहतो, आणि श्वास रोखणे म्हणजे निषेध करणे नव्हे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बहुतेक युद्धपट लढाईबरोबरच संपतात. नायक मरतो किंवा तह होतो आणि पडदा पडतो. बंदुका थंडावल्यानंतर जे उरते, म्हणजे न पुरलेली प्रेते, छावणीतील रिकामे दिवस, घरी परतण्याची ओढ आणि त्या ओढीतच मिसळलेली लाज, ते सारे चित्रपटाबाहेर राहते.

कोन इचिकावा (१९१५–२००८) यांच्या १९५६ सालच्या 'बिरुमा नो ततेगोतो', म्हणजेच 'बर्मी वीणा', या चित्रपटाने या दोन्ही अडचणींतून एका साध्या रचनेने वाट काढली आहे. येथे युद्ध आरंभीच संपते. कथानक सुरू होते ते १९४५ च्या जुलै महिन्यात आणि थोड्याच वेळात, एकही गोळी न झाडता, ज्या तुकडीची ही गोष्ट आहे ती शरण जाते. उरलेला सारा चित्रपट युद्धानंतरचा आहे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, ऑस्करच्या परभाषिक विभागात त्याला नामांकन मिळाले आणि युद्धविरोधी चित्रपटांच्या कोणत्याही यादीत तो तेव्हापासून कायम आहे. त्याच्या करुणेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती करुणा खरी आहे याविषयी प्रस्तुत लेखकालाही शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या व्याप्तीचा, आणि हा प्रश्न समीक्षकाने बाहेरून लादलेला नसून चित्रपटाने स्वतःच उभा केलेला आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

मूळ कथा मिचिओ ताकेयामा यांची. ताकेयामा हे जर्मन साहित्याचे अभ्यासक. बर्मा त्यांनी पाहिलेला नव्हता. जपानच्या पराभवानंतर, १९४७–४८ मध्ये, ही कथा 'आकातोम्बो' या मुलांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी लिहिलेली आहे हे विसरून चालणार नाही. ज्यांचे वडील, काका, मोठे भाऊ आघाडीवरून परतले नव्हते अशा मुलांना काहीतरी सांगणे भाग होते. जपानने बर्माच्या आघाडीवर सुमारे तीन लाख सैनिक पाठविले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तेथेच मेले. १९४४ मध्ये इम्फाळ व कोहिमा येथे झालेल्या पराभवानंतर चिंदविनच्या खोऱ्यातून जी माघार झाली तिच्यात शत्रूच्या गोळीपेक्षा उपासमारीने, हिवतापाने आणि आमांशाने अधिक बळी घेतले. आझाद हिंद फौजेचे जवानही याच वाटांनी मागे फिरले होते. भारतीय वाचकाला म्हणूनच हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. १९३७ पर्यंत तर बर्मा हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता.

चित्रपटातील तुकडी अशाच माघारीत सयामच्या सीमेकडे चालली आहे. तिचा कप्तान इनोउए (रेन्तारो मिकुनी) हा संगीताचे शिक्षण घेतलेला मनुष्य. त्याने आपल्या सैनिकांना समूहगान शिकविले आहे. मिझुशिमा (शोजी यासुई) हा सैनिक बर्मी धनुष्याकृती वीणा स्वतःच शिकला आहे आणि तिच्यावर तो या गाण्यांची साथ करतो. हे वाद्य मराठी वाचकाने पाहिले नसेल, तरी त्याचे पूर्वज त्याने पाहिले असण्याचा संभव आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा दिसते, भारहुत आणि अमरावती येथील शिल्पांत जी दिसते, ती याच कुळातली. आपल्याकडे ती लुप्त झाली, बर्मात टिकली. मिझुशिमा लुंगी नेसून, बर्मी माणसाचे सोंग घेऊन, पुढे टेहळणीला जातो आणि वाट निर्धोक असल्याची खूण वीणेवर वाजवितो. एकदा वाटमारे त्याची लुंगीच पळवितात आणि तो पाने गुंडाळून परततो. सैनिक पोट धरून हसतात. हा प्रसंग वरवर हलकाफुलका आहे, पण त्यात पुढील साऱ्या कथेचे बीज आहे. हा मनुष्य दुसऱ्याच्या वेषात सहज शिरतो; दुसऱ्याचा वेष अंगावर चढला की तो उतरविणे आपल्या हाती राहत नाही, हे त्याला अजून ठाऊक नाही.

चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग यानंतर येतो. एका खेड्यात गावकरी तुकडीला जेवू घालतात आणि मग एकाएकी नाहीसे होतात. शत्रूने वेढा घातला आहे हे कप्तानाच्या ध्यानात येते. दारूगोळ्याची गाडी उघड्यावर आहे. ती आत आणावयाची तर शत्रूला संशय येता कामा नये. म्हणून सैनिक गात, हसत, मिझुशिमाला गाडीवर बसवून वीणा वाजवीत ती आत ओढतात. प्राणभयाने काढलेला आनंदाचा स्वर ऐकताना अंगावर काटा येतो. गाडी आत येते, बंदुका सज्ज होतात, हल्ल्याची आज्ञा ओठांवर येते आणि त्याच क्षणी समोरच्या झाडीतून तेच गीत इंग्रजीत ऐकू येते. ते गीत म्हणजे 'होम, स्वीट होम'. दोन्ही बाजू गातात, झाडीतून बाहेर येतात. युद्ध तीन दिवसांपूर्वीच संपले आहे असे कळते.

हा प्रसंग पाहताना डोळे पाणावले नाहीत असे म्हणणारा प्रेक्षक विरळा. पण या गीताचा थोडा विचार केला पाहिजे. हेन्री बिशप यांची ही चाल १८२३ मधली. मेइजी काळात पाश्चात्त्य पद्धतीच्या शिक्षणाबरोबर ती जपानी शाळांत आली. १८८९ च्या शालेय गीतसंग्रहात जपानी शब्दांसह ती समाविष्ट झाली आणि पुढील पिढ्यांना ती आपलीच वाटू लागली. ताकेयामा यांनी आपल्या लेखनाविषयी जे सांगितले आहे ते येथे फार महत्त्वाचे ठरते. त्यांनी कथेसाठी प्रथम चीनचा विचार केला होता. परंतु जपानी आणि चिनी सैनिक दोघांनाही ठाऊक असेल असे गाणे त्यांना सापडेना. म्हणून शत्रू इंग्रज असणे आवश्यक झाले, आणि इंग्रज शत्रू हवा म्हणून बर्मा आला. म्हणजे बर्माची निवड बर्मासाठी झालेली नाही. ती गाण्यासाठी झाली आहे.

आता समोरच्या झाडीत वस्तुतः कोण होते याकडे वळू. जनरल स्लिम यांच्या ज्या चौदाव्या सैन्याने जपान्यांना बर्मातून हटविले त्यात बहुसंख्य सैनिक हिंदुस्थानी होते. त्यांच्याबरोबर गुरखे होते, पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील पलटणी होत्या. मणिपुरातील सांगशाक येथे मार्च १९४४ मध्ये जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. सातारा किंवा रत्नागिरीकडचा एखादा शिपाई त्या झाडीत बंदूक रोखून बसला असता तर त्याला काय ऐकू आले असते? साहेबाच्या बँडवर कधीकाळी ऐकलेली एक चाल, एवढेच. तिच्यात त्याचे घर नव्हते. गीत दोन शत्रूंना जोडते हे खरे, पण ज्या दोघांना ते जोडते त्यांतील एक साम्राज्याचा धनी आहे आणि दुसरा त्याच्याच शाळेतून शिकून साम्राज्य उभारू पाहणारा. ज्या भूमीवर हे गाणे गायिले जाते तिचे रहिवासी तर प्रसंग सुरू होण्यापूर्वीच गाव सोडून गेलेले आहेत. चित्रपटाने ही गोष्ट दाखविली आहे. तिचा अर्थ मात्र त्याने घेतलेला नाही.

शरणागतीनंतर मिझुशिमावर एक कामगिरी सोपविली जाते. जवळच्या त्रिकोणी डोंगरावर एक जपानी तुकडी अद्याप लढते आहे. तिचे मन वळविण्यासाठी त्याला अर्धा तास दिला जातो. तो जातो, विनवितो. तेथील नायक आणि सैनिक त्याला भेकड ठरवितात. मुदत संपते आणि तोफा सुरू होतात. इचिकावांनी हा भाग झटपट उरकला आहे, आणि ते योग्यच केले आहे. गुहेतील त्या माणसांचा मूर्खपणा त्यांनी खुलविलेला नाही, की त्यांना शौर्याचे वलयही दिलेले नाही. काही माणसे मरण्याचे ठरवितात आणि मरतात. प्रेतांच्या राशीतून एकटा मिझुशिमा जिवंत उठतो.

एक बर्मी भिक्खू त्याची शुश्रूषा करतो. भिक्खू स्नानास गेला असता मिझुशिमा त्याचे चीवर चोरतो, मुंडण करतो आणि मुदोन येथील युद्धकैद्यांच्या छावणीच्या दिशेने अनवाणी चालू लागतो. त्याचा हेतू धार्मिक मुळीच नाही. त्याला आपल्या सोबत्यांत परत जावयाचे आहे आणि पिवळ्या वस्त्रातील माणसाला वाटेत कोणी अडवीत नाही, उलट शेतकरी हात जोडून भिक्षा घालतात. चोरीच्या वस्त्राला मिळणारा हा आदर स्वीकारताना यासुईंच्या चेहऱ्यावर जो अवघडलेपणा येतो तो शब्दांत सांगता येण्यासारखा नाही. पटकथा लिहिणाऱ्या नात्तो वादा यांनी येथे संवाद जवळजवळ काढून टाकले आहेत. मिनोरू योकोयामांचा कॅमेरा दूर उभा राहतो. विस्तीर्ण माळ, नदीकाठ, डोंगराची कड आणि त्यात मुंगीएवढा चालणारा मनुष्य. मग तो थांबतो, आणि तो कशापाशी थांबला हे आपल्याला थोड्या वेळाने दिसते. वाटेवर, झाडाच्या बुंध्याशी, नदीच्या वाळूत जपानी सैनिकांची प्रेते पडली आहेत. कोणी त्यांना पुरलेले नाही, जाळलेले नाही. घारी-गिधाडे आहेत. मिझुशिमा काही प्रेतांना अग्नी देतो, काहींवर माती लोटतो, आणि पुढे एवढी प्रेते येतात की तो तोंड फिरवून पळत सुटतो. ही पळण्याची कृती मला चित्रपटातील सर्वांत सत्य कृती वाटते. संत होण्यापूर्वी माणूस पळतो, हे इचिकावांनी लपविले नाही.

कथनाची रचनाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मिझुशिमाचा प्रवास आपल्याला क्रमाने दिसत नाही. प्रथम आपण छावणीत आहोत. सोबत्यांना मिझुशिमा मेला की जिवंत हे कळत नाही. एका अरुंद पुलावर त्यांची एका भिक्खूशी गाठ पडते. तो हुबेहूब मिझुशिमासारखा दिसतो, पण काही न बोलता निघून जातो. त्यानंतर चित्रपट मागे वळून त्या भिक्खूची कहाणी सांगतो आणि पुन्हा त्या पुलावर येतो. पहिल्या वेळी पुलावरचे मौन कोड्यासारखे होते. दुसऱ्या वेळी ते असह्य होते, कारण दरम्यान काय घडले ते आता आपल्याला माहीत आहे.

घडले ते असे. मुदोनला पोचल्यावर मिझुशिमाला प्रार्थनागीताचे स्वर ऐकू येतात. इस्पितळातील इंग्रज परिचारिका एका थडग्यापाशी उभ्या राहून गात आहेत. त्या निघून गेल्यावर तो जवळ जातो. ते थडगे अज्ञात जपानी सैनिकांचे आहे. शत्रूच्या स्त्रिया आपल्या नावगाव नसलेल्या माणसांसाठी गायिल्या, आणि आपण त्याच माणसांना वाटेवर टाकून पळत आलो. याच ठिकाणी चित्रपटाचा कणा आहे. यानंतर मिझुशिमा छावणीत जात नाही. तो आल्या वाटेने परत फिरतो. नदीकाठी हातांनी वाळू उकरू लागतो. काठावरचे बर्मी लोक प्रथम नुसते पाहतात आणि मग एकेक करून, न बोलता, त्याला हात देऊ लागतात. वाळूत त्याला एक माणिक सापडते. मृतांचा आत्माच जणू हाती आला, अशा भावनेने तो ते जवळ ठेवतो आणि पुढे जपानी रीतीप्रमाणे शुभ्र वस्त्रात गुंडाळून गळ्यात अडकविलेल्या अस्थिपेटीत ते नेऊन ठेवतो. इंग्रजांच्या अंत्यविधीच्या मिरवणुकीत एका बर्मी भिक्खूच्या गळ्यात ती शुभ्र पेटी पाहून कप्तान ओळखतो. पेटी उघडतो, माणिक पाहतो आणि उमजतो. या दृश्यात इफुकुबे यांचे संगीतही संयम सोडत नाही.

येथे महाभारताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. स्त्रीपर्वात रणभूमीवरील शोक ओसरल्यावर धृतराष्ट्र विचारतो की ज्यांना कोणी आप्त नाहीत त्यांचे काय. युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू आदींना आज्ञा देतो आणि दोन्ही पक्षांच्या वीरांना अग्नी दिला जातो. नाना देशांतून आलेले, ज्यांची नावे सांगणारा कोणी उरला नाही असे, त्यांच्याही राशी रचून त्यांना जाळले जाते. शत्रू-मित्र असा भेद त्या चितांत नाही. युधिष्ठिर विजेता आहे आणि मिझुशिमा पराभूत, हा फरक मोठा आहे. पराभूताला स्वतःच्याच मृतांना हात लावण्याची मोकळीक पुष्कळदा नसते. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरते. मिझुशिमाला परत फिरविणारी प्रेरणा कोणती? शत्रूने आपल्या मृतांचा केलेला सन्मान. म्हणजे ऋण निर्माण झाले ते परक्याच्या मृतांविषयीचे. पण मिझुशिमा ते फेडतो केवळ आपल्यांच्या अस्थी गोळा करून. नदीकाठी पडलेल्यांत बर्मी माणूस कोणी नसेलच का? चित्रपटभर एकही बर्मी मृतदेह आपल्याला दिसत नाही.

कोणी म्हणेल, कलाकृतीत जे नाही त्याची मागणी करणे हा समीक्षेचा अतिरेक आहे. एरवी मी हा आक्षेप मान्य केला असता. परंतु चित्रपटाने स्वतःसाठी मुदोन हे ठिकाण आणि १९४५ चा जुलै हा काळ निवडला आहे. मुदोन मौलमीनच्या दक्षिणेला आहे. त्याच मौलमीनच्या परिसरातील कलागोन या गावी ७ जुलै १९४५ रोजी जपानी सैन्याने शेकडो गावकऱ्यांची, बायकामुलांसह, कत्तल केली. सयाम-बर्मा रेल्वेमार्ग १९४२–४३ मध्ये याच मुलखातून नेण्यात आला. त्याच्या बांधकामात दोस्तांचे बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यांत बर्मी होते, मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ होते. ताकेयामांना १९४७ साली यातील काय माहीत होते हे बाजूला ठेवू. चित्रपट १९५६ चा आहे. जपान आणि बर्मा यांच्यात नोव्हेंबर १९५४ मध्ये शांतता आणि नुकसानभरपाईचा करार झाला होता. कशाची भरपाई, हा प्रश्न जपानी प्रेक्षकाला त्या वेळी अपरिचित असण्याचे कारण नव्हते.

इचिकावा आणि वादा या अडचणीविषयी अगदीच बेसावध होते असे मात्र म्हणवत नाही. मूळ कथेत मिझुशिमा एका नरभक्षक टोळीच्या तावडीत सापडतो. पटकथेने तो सारा भाग वगळला आहे. पुरुषांच्या या गोष्टीत म्हातारी फेरीवाली (तानिए किताबायाशी) जी आली आहे ती तिच्या मोडक्यातोडक्या जपानी बोलीसह नुसती विनोदासाठी आलेली नाही. कैद्यांशी ती सौदा करते, त्यांना चिडविते, आणि त्यांना हवी ती बातमी पुरी कधीच देत नाही. पण तीही जपानी नटीने उभी केलेली बर्मी स्त्री आहे. ज्या भिक्खूचे चीवर चोरीला गेले त्याचे पुढे काय झाले हे आपल्याला कळत नाही. थेरवादी भिक्खूला वाद्य वाजविणे विनयाने निषिद्ध आहे, हे बौद्ध आचाराशी परिचित असलेल्या वाचकाला खटकल्यावाचून राहणार नाही. चीवर धारण करून वीणा छेडणारा मिझुशिमा बर्मी दृष्टीने भिक्खूच नव्हे. तो जपानी शोकाला बर्मी वस्त्र नेसवून उभा आहे. कथा मुलांची आहे, तेव्हा आचाराच्या तपशिलावर अडून बसू नये हे खरे. पण हा तपशील नेमका त्याच ठिकाणी चुकतो जिथे दुसऱ्याला जाणून घेण्याची गरज होती.

एवढे सगळे बोलून झाल्यावरही चित्रपट हातातून सुटत नाही, आणि याचे श्रेय मिझुशिमापेक्षा त्याच्या सोबत्यांना द्यावे लागेल. युद्धानंतरच्या काळाचे खरे चित्रण छावणीत आहे. तेथे काहीच घडत नाही. माणसे मजुरी करतात, खाण्याविषयी बोलतात, घरी कधी जाणार याविषयी कुजबुजतात, आणि एका पोपटाला शिकवीत बसतात: मिझुशिमा, आपण मिळून जपानला परत जाऊ. एकच वाक्य पोपट वारंवार घोकतो तेव्हा त्यातील जिव्हाळा हळूहळू झिजत जातो आणि उरते ते नुसते ध्वनीचे टरफल. इचिकावांची चित्रपटातील उमेदवारी ॲनिमेशनमध्ये झाली होती. प्राण्याच्या तोंडून माणसाचे दैन्य बोलवून घेण्याचे त्यांचे कसब येथे उपयोगी पडले आहे. एकदा हे सैनिक शयनस्थ बुद्धाच्या भव्य मूर्तीपाशी गात बसतात आणि मूर्तीच्या पोटातून वीणेची साथ ऐकू येते. ते धावत जाऊन दार ठोठावतात. आत मिझुशिमा आहे. तो दार उघडत नाही. बुद्धाचा डोळा मिटलेला, बाहेर आर्जव, आत माणूस भिंतीला टेकून उभा. गाण्याने शत्रू एक झाले होते. त्याच गाण्याने आता मित्र एक होत नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते छावणीच्या कुंपणाशी जमून पुन्हा तेच गीत गातात. पलीकडे मिझुशिमा उभा राहतो, दोन्ही खांद्यांवर पोपट, शेजारी एक लहान बर्मी मुलगा. तो साथ करतो. मग एकट्याने एक दुसरी चाल वाजवितो. ती 'आओगेबा तोतोशी'ची आहे, शाळेचा निरोप घेताना गुरूंचे आभार मानण्यासाठी जपानी मुले जे गीत गात असत त्याची. जपानी प्रेक्षकाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तो नमस्कार करतो आणि धुक्यात मिसळून जातो. दुसऱ्या पोपटाच्या तोंडून त्याचे उत्तर येते: नाही, मला परत जाता येणार नाही. मनुष्याला जे बोलवले नाही ते पक्ष्याने बोलावे, ही युक्ती कागदावर कदाचित बालिश वाटेल. पडद्यावर ती तशी वाटत नाही.

या चित्रपटाशेजारी इचिकावांचाच १९५९ चा 'नोबी' ठेवून पाहावा. शोहेई ओओका यांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटात फिलिपाइन्समधील लेयते बेटावर भुकेने वेडी झालेली माणसे एकमेकांचे मांस खातात. तेथे गाणे नाही, भिक्खू नाही, पुरण्याची ताकद कोणाच्या हातात नाही. पटकथा याही वेळी नात्तो वादा यांचीच. कादंबरीतील सैनिक तामुरा वेड्यांच्या इस्पितळात का होईना, जिवंत राहतो. चित्रपटात त्याला तेही नाही. 'बर्मी वीणे'तील सांत्वनावर तिच्याच कर्त्यांनी तीन वर्षांनी दिलेले उत्तर म्हणून 'नोबी'कडे पाहता येईल. मात्र 'नोबी'त मारलेल्या एका फिलिपिनो स्त्रीचे प्रेत आपल्याला दिसते आणि तिला मारणारा तामुरा स्वतःच आहे. या एका प्रेताचे मोल मला मिझुशिमाने पुरलेल्या सगळ्यांइतके वाटते.

१९८५ मध्ये इचिकावांनी 'बर्मी वीणा' पुन्हा एकदा, रंगीत स्वरूपात, चित्रित केली. किइचि नाकाई हा तरुण नट मिझुशिमा झाला आणि जपानमध्ये या नव्या आवृत्तीला अफाट गर्दी झाली. मातीचा रंग अखेर दिसला. तो दिसल्याने काय साधले, हे मात्र सांगणे कठीण आहे.

पहिल्या चित्रपटाचा शेवट जहाजावर होतो. कप्तान मिझुशिमाचे पत्र वाचून दाखवितो. एवढी माणसे अशी का मरावी लागली याचे उत्तर आपल्याला मिळालेले नाही, ते मिळणे कदाचित माणसाच्या हाती नाही, आपण केवळ त्यांची शुश्रूषा करू शकतो, असा त्या पत्राचा आशय आहे. युद्ध कोणी सुरू केले हे विचारण्याची वेळ टाळण्याचा एक सभ्य मार्गही त्यात दडलेला आहे, असे कोणाला वाटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. पण इचिकावा तेथे थांबत नाहीत. पत्र संपते, सैनिक डेकवर पांगतात आणि घरी गेल्यावर काय करावयाचे याविषयी बोलू लागतात. कोणाला कामावर परतायचे आहे, कोणाला चित्रपट पाहावयाचा आहे. ही सारी गोष्ट आपल्याला सांगणारा सैनिक आतापर्यंत कधी ठळकपणे नजरेत भरलेला नाही. गर्दीतला एक चेहरा, एवढीच त्याची ओळख. तो कठड्याशी उभा राहून मनात म्हणतो की मिझुशिमाच्या घरच्यांना कप्तान काय सांगेल याचाच मी विचार करतो आहे. समुद्र दिसतो, आणि मग पुन्हा तो माळ, त्याच्यावरून पाठमोरा चाललेला भिक्खू, आणि आरंभी आलेली तीच अक्षरे, बर्माची माती आणि तिथले खडक लाल असल्याचे सांगणारी. पडद्यावरची माती करडी आहे.